पाय वर, हात खाली

गेल्या अंकात या सदरात मी 'स्का' हे मूळचं जमैकन संगीत वाजवणाऱ्या 'द स्पेशल्स' या ब्रिटिश बँडच्या पहिल्या आल्बमवर लिहिलं होतं. ऑक्टोबर १९७९ ची तबकडी, कोव्हेंट्री शहरातले सात जण, निर्माता एल्व्हिस कॉस्टेलो, 'टू टोन' हे त्यांचं स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, एकूण चौदा गाणी. मला वाटलं होतं, चार-दोन पत्रं येतील. एकोणीस आली. त्यातलं एक अंक वेळेवर न मिळाल्याचं होतं, ते मी योग्य टेबलावर पोचवलंय. उरलेल्यांपैकी काहींना इथे उत्तरं देतो. आधी पत्र, मग माझं उत्तर.

तुम्ही 'स्का' हा शब्द बारा वेळा वापरलात, पण तो असतो कसा हे एकदाही सांगितलं नाहीत. रेगे आम्ही ऐकलेला आहे. मग हा वेगळा कसा? मी तबला शिकलोय, त्या भाषेत सांगितलंत तरी चालेल.

मी परत जाऊन मोजलं. अकरा वेळा. पण तक्रार रास्त आहे.

केरवा धरा. धा गे ना ती, न क धि ना. आठ मात्रा. ऐकणाऱ्याची मान कुठे हलते? पहिलीला आणि पाचवीला. आता तिथलं वजन काढून घ्या आणि दुसरी, चौथी, सहावी, आठवी यांच्यावर ठेवा. गे, ती, क, ना. स्कामधला गिटारवाला एवढंच वाजवतो, आणि वाजवतानाही तारा छेडल्या की लगेच बोटं सैल करून सूर दाबून टाकतो. सूर उमटतो आणि जागच्या जागी विझतो. च्याक्, च्याक्. ऑर्गन बऱ्याचदा त्याच जागा भरतो. खालून बेस मात्र जिना चढावा-उतरावा तसा एकसारखा चालत असतो. वरचे उड्या मारतात, खालचा चालतो, आणि या दोघांच्या मध्ये तुमचे पाय आपोआप हलायला लागतात.

लिहायला सोपं आहे. १९९४ ते १९९८ अशी चार वर्षं मी कोव्हेंट्रीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. शेजारच्या टेबलावर एक जमैकन गृहस्थ बसायचे. लहानपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडला आलेले, माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवणारे. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर बोटं वाजवायचो. लहानपणी सात वर्षं तबला शिकलो होतो, त्यामुळे ठेक्याच्या बाबतीत थोडी मस्ती होतीच. एकदा त्यांनी त्यांच्या वॉकमनवर एक जुनं जमैकन गाणं लावलं आणि म्हणाले, यावर धर. मी धरला. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, चुकत नाहीयेस, पण सारखा घरी पळतोयस.

सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्यांना ठाऊक नव्हती. पण माझा आजार त्यांनी बरोबर ओळखला होता. मी दर आवर्तनाला समेवर जाऊन बसत होतो, आजोळी गेल्यावर पोरं जशी थेट झोपाळ्यावर जाऊन बसतात तशी. मग त्यांनी युक्ती सांगितली. बुटाने जमिनीवर ठोका दे, आणि पाय वर असेल तेव्हा टेबलावर हात मार. पाय वर, हात खाली. एवढंच. आठवडाभर माझे हातपाय एकमेकांना सोडायला तयार नव्हते. मग एका दुपारी स्टीलच्या फुटपट्टीने टेबलाच्या कडेवर सहज ठोकत असताना ते जमलं, आणि जमलं कसं तेही कळलं. सम सोडायची नसते. ती मनात पक्की धरायची, फक्त तोंडाने उच्चारायची नाही.

आता रेगे. तिथेही गिटारचा घाव याच आडव्या जागांवर पडतो, पण गती खूप खाली येते, बेस जड होतो आणि मध्ये मोकळी जागा राहते. काळाच्या हिशेबाने स्का थोरला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो किंग्स्टनमध्ये आकाराला आला, १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाली तेव्हा तो जोरात होता, १९६६ च्या सुमारास तो मंदावून रॉकस्टेडी झाला आणि १९६८ च्या आसपास त्यातून रेगे निघाला. म्हणजे रेगे हा स्काचा नातू, आणि इथे आजोबाच जास्त पळतात. स्पेशल्सनी या आजोबांना आणखी पळवलं, कारण ते पंक या धावत्या, आक्रमक रॉक संगीताच्या काळात वाढलेले होते. १९७८ मध्ये ते 'द क्लॅश' या पंक बँडच्या दौऱ्यात आधी वाजवणारा बँड म्हणून फिरले होते. तो घाम या रेकॉर्डमध्ये आलाय.

तुम्ही चौदा गाणी म्हणता, माझ्या मामांनी परदेशातून आणलेल्या प्रतीवर पंधरा आहेत. नकली असेल का?

अमेरिकन आवृत्ती असणार. तिच्यात 'गँगस्टर्स' हे त्यांचं पहिलं गाणं घातलेलं आहे. ब्रिटनमध्ये ते आधीच सुटं प्रसिद्ध झालं होतं, म्हणून तिथल्या आल्बमवर नाही. मामांना निर्दोष सोडा.

चौदातली पाच गाणी दुसऱ्यांची. इतरांतही कुठली ना कुठली जुनी चाल डोकावते. मग याला अभिजात म्हणून डोक्यावर घेण्यात काय अर्थ? गोऱ्यांनी काळ्यांचं संगीत उचललं, हीच जुनी गोष्ट नाही का?

पत्र तिखट आहे, आणि मला आवडलं.

हिशेब अगदी बरोबर. पाच तर उघडउघड जुनी. त्यातलं एक मेम्फिसच्या रूफस थॉमस यांचं, बाकीची जमैकन मुळांची : डँडी लिव्हिंगस्टन, प्रिन्स बस्टर, टूट्स अँड द मेटल्स, अँडी अँड जोई. 'टू मच टू यंग'चा पाया लॉईड चार्मर्स यांच्या एका गाण्यावर आहे. 'गँगस्टर्स' तर सरळ प्रिन्स बस्टरच्या खांद्यावर उभं आहे. उसनवारी भरपूर आहे, त्यात वादच नाही.

पण उसनं कुणाकडून घेतलं ते बघा. कोव्हेंट्री हे मोटारींचं गाव. युद्धानंतर तिथल्या कारखान्यांना माणसं हवी होती, ती आयर्लंडहून आली, पंजाबातून आली, कॅरिबियन बेटांवरून आली. स्पेशल्समधला गिटारवाला लिनव्हल गोल्डिंग आणि गायक नेव्हिल स्टेपल दोघे जमैकात जन्मलेले. बाकीच्या पाच गोऱ्यांनी ही गाणी लांबून आलेल्या दुर्मीळ तबकड्यांवर शोधून काढली नव्हती. १९६० च्या दशकात असली गाणी ब्रिटनच्या नाचघरांत वाजत होती, खपाच्या यादीतही शिरत होती. जमैकन गायक डेस्मंड डेकरचं 'इझ्रायलाइट्स' १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. माझ्या मते हा शेजारघरातून मागून आणलेल्या वाटीचा मामला आहे. आणि वाटी रिकामी परत गेली का, हे तपासायला पहिलंच गाणं पुरे.

'अ मेसेज टू यू, रूडी'. १९६७ मध्ये डँडी लिव्हिंगस्टननी ते केलं तेही ब्रिटनमध्येच. किंग्स्टनच्या गल्ल्यांत हाणामाऱ्या करणाऱ्या पोरांना 'रूड बॉय' म्हणत. त्यातल्या एखाद्याला कुणी थोरल्याने खांद्यावर हात ठेवून चार गोष्टी सांगाव्यात, तसं गाणं. त्या मूळ गाण्यात ट्रॉम्बोन वाजवला होता रिको रॉड्रिग्ज यांनी. जन्म क्यूबाचा, १९३४ चा. वाढले किंग्स्टनमध्ये, शिकले तिथल्या अल्फा बॉईज स्कूलमध्ये, १९६१ मध्ये इंग्लंडला आले. बारा वर्षांनी स्पेशल्सना हे गाणं करायचं होतं, तेव्हा त्यांनी ट्रॉम्बोन वाजवायला कुणाला बोलावलं? रिकोंनाच. गायक टेरी हॉल वीस वर्षांचा, रिको पंचेचाळिशीचे. सुट्या तबकडीच्या लेबलवर बँडबरोबर रिकोंचंही नाव छापलं.

एकदा फक्त त्या ट्रॉम्बोनकडे कान लावा. सुरुवातीलाच तो येतो. पोरं घाईत आहेत, ढोल पुढे ओढतोय, आणि रिको मात्र प्रत्येक सूर जागेवर नेऊन ठेवतात, जरासा उशिरा, पण चुकून उशीर झालेला नाही. शेपटाकडे सूर किंचित खाली वाकतो. आमच्या ऑफिसातले ते गृहस्थ याला म्हणायचे, म्हातारा चपला घालून मगच निघतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : उचललं, हो. पण मालकाला घरी बोलावून, त्याच्यासमोर वाजवलं, आणि त्यालाही वाजवायला लावलं. पैशाअडक्याच्या बाबतीत जुन्या जमैकन गायकांवर एकूणच फार अन्याय झालेला आहे, ती गोष्ट या एका बँडपुरती नाही आणि त्याबद्दल तुमचा राग असेल तर मी तुमच्या बाजूला आहे.

माझ्याकडची रेकॉर्ड फार कोरडी वाजते. बाकीच्या रेकॉर्डी छान भरीव वाजतात. सुई बदलू का?

सुई बदला, ती बदललेली चांगलीच असते, पण फरक पडणार नाही. ती तशीच आहे. कॉस्टेलो तेव्हा स्वतः पंचविशीचा गायक, निर्माता म्हणून नवशिका. लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका छोट्या स्टुडिओत काम झालं, आणि त्याचं म्हणणं असं की कुणी जास्त हुशार माणूस येऊन यांना चकचकीत करून टाकायच्या आत हे जसे आहेत तसे टिपून ठेवावेत. बरेच लोक या आवाजाला अजून नावं ठेवतात. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की स्पीकरची एक तार सुटली असावी. मी ती रेकॉर्ड तीन पौंडांना जुनी घेतली होती आणि घरी येऊन खरोखर तारा तपासल्या. आता मात्र मला जॉन ब्रॅडबरीचा ढोल असाच हवा असतो. पत्र्याच्या डब्यावर वेताची छडी बसावी तसा. त्याला गोधडीत गुंडाळलं असतं तर गिटारच्या त्या आडव्या घावांना टेकायला भिंतच उरली नसती.

काका, मी कॉलेजात आहे. तुमचा लेख वाचून आल्बम ऐकला. नाचले पण. पण 'टू मच टू यंग'चे शब्द ऐकून डोकं फिरलं. लवकर मूल झालेल्या मुलीची चक्क टिंगल आहे. तुम्ही लेखात याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही!

नाही लिहिलं, आणि लिहायला हवं होतं. तुझं बरोबर आहे.

गाणं एका तरुण मुलाच्या तोंडी आहे. त्याच्या ओळखीची मुलगी लग्न करून, मूल होऊन अडकली आहे, आणि तो तिला टोमणे मारतो. कारखान्याच्या गावात विसाव्या वर्षी आयुष्य ठरून जाण्याची भीती त्यामागे आहे, हे मला दिसतं. पण मुलगा सुटा फिरतोय आणि बोलणी ती खातेय, हेही दिसतं. गंमत अशी की या गाण्याची दोन रूपं आहेत. आल्बमवर ते सहा मिनिटांचं आहे, संथ, आणि तिथे प्रत्येक टोमणा लोंबकळत राहतो. मग १९८० च्या सुरुवातीला त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रमातलं मुद्रण काढलं, ते जेमतेम दोन मिनिटांचं, धावतं. तेच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या वेगात शब्द नीट ऐकायला सवडच मिळत नाही, बहुतेक म्हणूनच गेलं. माझ्या पिढीतल्या पुरुषांनी ते दोन मिनिटंवालं ऐकलं आणि पुढे गेलो. तू सहा मिनिटंवालं ऐकलंस.

शेवटून दुसरं 'लिटल बिच' त्याहून वाईट आहे. माझ्या प्रतीवर नेमका तिथेच मोठा ओरखडा आहे, सुई उडून थेट शेवटच्या गाण्यात पडते. मी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडलेलो नाही. नाचलीस ते मात्र बरं केलंस.

बँडचा कर्ताधर्ता जेरी डॅमर्स याचा जन्म भारतातला, असं कुणीतरी सांगितलं. थाप ना?

थाप नाही. १९५५, उटी. वडील धर्मोपदेशक होते. मात्र तो लहानपणीच इंग्लंडला गेला, त्यामुळे निलगिरीचा त्याच्या ऑर्गनवर काही परिणाम शोधू नका. मी शोधलाय, नाही सापडला.

त्या काळ्यापांढऱ्या चौकटी सगळीकडे दिसतात. ती नुसती नक्षी की काही म्हणायचं होतं?

म्हणायचं होतं. लेबलचं नावच 'टू टोन'. सात जण, दोन वर्ण, एका मंचावर. काळा सूट, पांढरा शर्ट, काळी टोपी घातलेला जो माणूस त्यांच्या लेबलवर उभा असतो, तो जमैकन गायक पीटर टॉशच्या एका जुन्या फोटोवरून काढलेला आहे. आल्बमच्या वेष्टनावरही तसेच सूट घालून सगळे मान वर करून कॅमेऱ्याकडे बघताहेत, आणि हसत कुणीही नाही.

वेळ लक्षात घ्या. १९७९ च्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर निवडून आल्या होत्या. नॅशनल फ्रंट हा परदेशांतून आलेल्यांना हाकलून द्या म्हणणारा पक्ष रस्त्यावर दिसत होता. आणि तुळतुळीत डोक्याचे जे तरुण त्या पक्षामागे जायचे, त्यांतलेच काही जण स्काही आवडीने ऐकायचे, स्पेशल्सच्या कार्यक्रमाला यायचे. समोर नाचणाऱ्यांतले काही जण बाहेर गेल्यावर गोल्डिंगसारख्याच माणसाला मारणार, हे माहीत असताना वाजवायचं. 'डझन्ट मेक इट ऑलराइट' हे गाणं त्याच लोकांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. गर्दीत मारामारी सुरू झाली की ते वाजवणं थांबवायचे. १९८० मध्ये गोल्डिंगवर लंडनमध्ये हल्ला झालाच. त्यावर त्याने 'व्हाय?' हे गाणं लिहिलं, आणि ते १९८१ मध्ये बँडच्या 'घोस्ट टाउन' या सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. 'घोस्ट टाउन' त्या जुलैत पहिल्या क्रमांकावर, बाहेर शहराशहरांत दंगली, आणि त्याच सुमारास बँड फुटला. टेरी हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बाहेर पडले.

चौकटी आता मोज्यांवरही मिळतात.

माझा मुलगा नोकरीसाठी कोव्हेंट्रीला गेला आहे. पुढच्या महिन्यात आम्ही जातोय. या बँडचं काही बघण्यासारखं आहे का?

वॉल्सग्रेव्ह रोडवर कोव्हेंट्री म्युझिक म्युझियम आहे, ते बघा. अर्ल्सडनमध्ये अल्बनी रोड आहे, डॅमर्स तिथे राहायचा आणि लेबलचं काम घरातूनच चालायचं. भिंतीवर फलक आहे. लोक राहतात तिथे, तेव्हा फोटो लांबून काढा. शहराच्या मध्यात फिरताना तो सगळा काँक्रीटचा पसारा बघून नाक मुरडू नका. नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत जर्मन विमानांनी मधलं शहर जाळलं होतं, हे त्यानंतर बांधलेलं आहे. 'कॉन्क्रीट जंगल' हे गाणं तिथे उभं राहून ऐकलं की कळतं.

माझी स्वतःची जागा मात्र वेगळी आहे. मी तिथे होतो तेव्हा दर शनिवारी सेंट्रल लायब्ररीत जायचो. आत ऊब असायची, भारतातली वर्तमानपत्रं शिळी का होईना मिळायची. दोन वर्षं मी तिथे बसून वाचत होतो आणि मला पत्ताच नव्हता की ही इमारत आधी लोकार्नो नावाचं नाचघर होती. पुढे त्याचं नाव टिफनीज झालं, आणि १९८६ मध्ये तिथे ग्रंथालय आलं. वर मी ज्या दोन मिनिटांच्या 'टू मच टू यंग'बद्दल लिहिलं, त्या तबकडीची मागची बाजू, ओरडणाऱ्या गर्दीसकट, टिफनीजमध्ये मुद्रित झालेली आहे. म्हणजे मी ज्या हवेत 'शांतता राखा' पाळत होतो, तिथे तो आरडाओरडा झाला होता.

हे कळलं त्या शनिवारी मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. पन्नाशीच्या असतील. म्हणाल्या, हो तर, मी यायचे की, दर आठवड्याला. स्टेज कुठे होतं? त्यांनी कपाटांकडे बघितलं, एकदा इकडे बोट केलं, मग तिकडे, आणि सोडून दिलं. मी त्यांना ऑफिसातली युक्ती सांगितली, पाय वर, हात खाली. ते मला नका शिकवू, असं त्या म्हणाल्या आणि माझी पुस्तकं पुढे ओढली. दोन होती. पहिल्यावर तारखेचा शिक्का मारला, ठक्. दुसऱ्यावर हात नेला, थांबल्या, आणि जरासा उशिरा मारला.